एक रुग्ण, एक नोंद : रुग्णालयीन दंतविभागातील इलेक्ट्रॉनिक रुग्णनोंदींचा इतिहास

प्रस्तावना

रुग्णालयांच्या इतिहासाचा अभ्यास करताना इमारती, शस्त्रक्रिया, औषधे आणि नामवंत डॉक्टर यांचा विचार विस्ताराने केला जातो. रुग्णाच्या नोंदीचा विचार त्या मानाने कमी होतो. वास्तविक, रुग्णालयात रुग्णाविषयी काय लिहिले जाते, कोठे लिहिले जाते आणि ते कोणाला वाचावयास मिळते, यावर उपचारांची गुणवत्ता मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. या दृष्टीने दंतविभागाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. हा विभाग रुग्णालयाच्या आवारात असूनही त्याची नोंद दीर्घकाळ रुग्णालयाच्या नोंदीबाहेर राहिली. संगणक आल्यानंतर हे अंतर आपोआप मिटेल, अशी अपेक्षा होती. ती सर्वत्र पूर्ण झाली नाही.

प्रस्तुत लेखात दंतनोंदीची पार्श्वभूमी, दातांच्या क्रमांकनाचा प्रश्न, अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा अनुभव आणि त्या अनुषंगाने भारतीय परिस्थिती यांचा परामर्श घेतला आहे. दंतविभागात इलेक्ट्रॉनिक नोंदी स्वीकारण्याचा प्रश्न वरवर पाहता कागद की संगणक असा दिसतो. मुळात तो वेगळा आहे. रुग्णाचे मुख हे त्याच्या शरीराचाच भाग आहे, हे नोंद मान्य करते की नाही, हा तो प्रश्न होय.

दोन शास्त्रे, दोन वह्या

आधुनिक दंतवैद्यकाच्या स्वतंत्र शिक्षणाचा प्रारंभ सामान्यतः १८४० मध्ये स्थापन झालेल्या बाल्टिमोर कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीपासून मानला जातो. होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस हे तिचे संस्थापक. या संस्थेमुळे दंतवैद्यकाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली. परंतु त्याच वेळी ते वैद्यकापासून वेगळेही झाले. महाविद्यालये वेगळी, पदव्या वेगळ्या, व्यवसायाचे नियमन वेगळे अशी ही विभागणी पुढे जगभर रूढ झाली. भारतातही हेच घडले. डॉ. आर. अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात दंत महाविद्यालय सुरू केले. मुंबईत १९३३ मध्ये नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय स्थापन झाले. १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने या व्यवसायाला स्वतंत्र कायदेशीर चौकट दिली.

वैद्यकीय नोंदींचा विकास याच काळात वेगळ्या दिशेने होत होता. पूर्वी प्रत्येक डॉक्टर स्वतःची खातेवही ठेवी आणि त्यात येणाऱ्या रुग्णांच्या नोंदी तारखेच्या क्रमाने करी. एकच रुग्ण तीन डॉक्टरांकडे गेला, तर त्याची माहिती तीन वह्यांत विखुरलेली असे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर यांनी १९०७ मध्ये ही पद्धत बदलली. प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक आणि त्या क्रमांकाची एकच फाईल, अशी व्यवस्था त्यांनी आणली. 'एक रुग्ण, एक नोंद' हे तत्त्व तेव्हापासून रुग्णालयीन व्यवस्थापनाचा पाया ठरले. १९६८ मध्ये लॉरेन्स वीड यांनी समस्याकेंद्री नोंदीची मांडणी करून या तत्त्वाला अधिक शास्त्रशुद्ध रूप दिले.

दंतवैद्यक मात्र या बदलापासून बरेच दूर राहिले. बहुसंख्य दंतवैद्य स्वतःच्या दवाखान्यात एकट्याने काम करीत. त्यांना एका कार्डावर दातांचे चित्र, केलेले काम आणि येणे असलेली रक्कम एवढे पुरेसे होते. रुग्णालयातील दंतविभागाने हीच कार्डपद्धती आपलीशी केली. त्यामुळे रुग्णाची मुख्य फाईल अभिलेख कक्षात आणि दातांचे कार्ड दंतविभागाच्या कपाटात, अशी स्थिती निर्माण झाली.

दाताला क्रमांक देण्याचा प्रश्न

दंतनोंदीचे संगणकीकरण समजून घेण्यासाठी तिचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते. वैद्यकीय नोंद हे मुख्यतः निवेदन असते. दंतनोंद हा मुख्यतः नकाशा असतो. प्रौढ माणसाच्या तोंडात ३२ दात असतात. प्रत्येक दाताचे पाच पृष्ठभाग धरले, तर १६० जागा होतात आणि यांपैकी कोणत्याही जागी कीड, फिलिंग किंवा मोडतोड असू शकते. हिरड्यांच्या तपासणीत प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजली जाते. म्हणजे संपूर्ण तोंडाची १९२ मोजमापे होतात. एवढी माहिती वाक्यांत लिहिणे अशक्यप्राय असते. म्हणून दातांचे चित्र आणि क्रमांक यांचा आश्रय घेतला गेला.

व्हिएन्नामधील अॅडॉल्फ झिगमाँडी यांनी १८६१ मध्ये एक सोपी पद्धत सुचविली. तोंडाचे अधिकचिन्हाप्रमाणे चार भाग करावयाचे आणि प्रत्येक भागातील दातांना मध्यापासून १ ते ८ क्रमांक द्यावयाचे. अमेरिकेत कॉरिडन पामर यांनीही अशीच पद्धत स्वतंत्रपणे मांडली. ती हाताने लिहिण्यास सोयीची होती. परंतु तिच्यातील काटकोनी खूण टंकलेखन यंत्रावर उमटत नसे आणि तारेने किंवा दूरध्वनीवरून कळविता येत नसे. खूण गळाली, तर केवळ '६' या अंकावरून चार दाढांपैकी कोणती, हे समजत नसे.

आंतरराष्ट्रीय दंत महासंघाने १९७० मध्ये दोन अंकी पद्धती स्वीकारली. तिच्यातील पहिला अंक तोंडाचा चतुर्थांश आणि दुसरा अंक त्या भागातील दात दर्शवितो. वरच्या उजव्या बाजूची पहिली दाढ या पद्धतीत १६ होते. पण तिचा उच्चार 'सोळा' असा करावयाचा नसून 'एक-सहा' असा करावयाचा असतो. या पद्धतीची निवड करताना महासंघाने जे निकष ठेवले होते, त्यांत शिकविण्यास सोपी, उच्चारण्यास सुलभ आणि छपाईस योग्य यांबरोबरच संगणकात भरण्यास सोपी हाही एक निकष होता. दंतविभागात संगणक पोहोचण्यापूर्वीच दातांची नावे संगणकासाठी घडविली जात होती, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्यासारखी आहे.

तथापि, अमेरिकेने वेगळा मार्ग धरला. अमेरिकन डेंटल असोसिएशनने १९६८ मध्ये १ ते ३२ अशा सलग क्रमांकांची पद्धत मान्य केली होती आणि तीच तेथे कायम राहिली. याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन अंकी पद्धतीत '१८' म्हणजे वरची उजवी अक्कलदाढ. अमेरिकी पद्धतीत '१८' म्हणजे खालची डावी दुसरी दाढ. एकच आकडा तोंडाच्या दोन विरुद्ध टोकांकडे बोट दाखवितो. कागदावर चित्र सोबत असल्यामुळे हा घोटाळा सहसा टळत असे. संगणकातील रकान्यात केवळ आकडा राहिला, तर निरोगी दाढ काढली जाण्याचा धोका संभवतो. कोणती क्रमांकनपद्धती वापरली आहे, हे नोंदीतच स्पष्ट असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा प्रयोग

रुग्णालयीन दंतविभागातील इलेक्ट्रॉनिक नोंदींचा सर्वांत दीर्घ आणि शिकण्याजोगा अनुभव अमेरिकेच्या माजी सैनिक प्रशासनाच्या रुग्णालयांचा आहे. या रुग्णालयांत दंतसेवा ही रुग्णालयाचाच एक विभाग म्हणून चालते. कायद्याने ठरविलेल्या पात्रतेमुळे सर्वच माजी सैनिकांना ती मिळत नाही; परंतु ज्यांना मिळते, त्यांचे हृदय, रक्त आणि दात यांची काळजी एकच संस्था घेते.

या रुग्णालयांच्या संगणकीकरणाची कथा प्रशासनाच्या इतिहासातही महत्त्वाची आहे. सत्तरच्या दशकात तेथील संगणकाची सूत्रे केंद्रीय कार्यालयाकडे होती. मोठी यंत्रे, मोठे आराखडे आणि मोठा विलंब असे त्या कारभाराचे स्वरूप होते. या परिस्थितीत रुग्णालयांतील काही डॉक्टर आणि संगणक आज्ञावलीकार यांनी लहान संगणकांवर आपापल्या विभागांच्या गरजेचे कार्यक्रम लिहिण्यास सुरुवात केली. त्यासाठी त्यांनी 'मम्प्स' ही भाषा वापरली. ती साठच्या दशकात बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रुग्णालयांच्या कामासाठीच विकसित झाली होती. डिसेंबर १९७८ मध्ये ही मंडळी ओक्लाहोमा सिटी येथे एकत्र आली. केंद्रीय कार्यालयाचा या कामाला तीव्र विरोध होता. अखेर फेब्रुवारी १९८२ मध्ये प्रशासनाचे प्रमुख रॉबर्ट निम्मो यांनी या विकेंद्रित पद्धतीला अधिकृत मान्यता दिली. ही प्रणाली १९९६ मध्ये 'व्हिस्टा' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि १९९७ पासून डॉक्टरांना रुग्णाची संपूर्ण नोंद एकाच पडद्यावर दाखविणारा कार्यक्रम तिच्यात दाखल झाला.

या प्रणालीत दंतविभागासाठी आरंभी जो कार्यक्रम तयार झाला, त्याचे स्वरूप लक्षणीय आहे. रुग्णाच्या किती भेटी झाल्या, कोणते उपचार किती संख्येने झाले, याची मोजदाद करून वरिष्ठ कार्यालयाला अहवाल पाठविणे हा त्याचा मुख्य हेतू होता. म्हणजेच संगणकाने प्रथम दंतवैद्याचे काम मोजले. रुग्णाचे तोंड नोंदविले नाही. दातांचे चित्र कागदी कार्डावरच राहिले. अहवालासाठी आकडे एकीकडे आणि उपचारासाठी चित्र दुसरीकडे, असे दुहेरी लेखन कर्मचाऱ्यांच्या वाट्याला आले. संगणकीकरणाच्या अनेक योजनांविषयी कर्मचारीवर्गात जी नाराजी आढळते, तिचे मूळ बहुधा याच दुहेरी लेखनात असते.

२००० नंतरच्या दशकात ही उणीव 'डेंटल रेकॉर्ड मॅनेजर' या कार्यक्रमाने भरून काढली. त्यात पडद्यावर दातांचे चित्र दिसते. दात आणि पृष्ठभाग निवडून निष्कर्ष व उपचार नोंदविता येतात. हिरड्यांची मोजमापे भरता येतात. तांत्रिकदृष्ट्या हे विशेष नव्हते, कारण खासगी दवाखान्यांसाठी असे कार्यक्रम बाजारात होतेच. वेगळेपण होते ते त्याच्या जोडणीत. चित्रावर केलेल्या नोंदींतून तयार होणारी टिप्पणी थेट रुग्णाच्या मुख्य वैद्यकीय नोंदीत जमा होत असे आणि अहवालासाठी लागणारी माहितीही त्याच लेखनातून निघत असे. एकदाच लिहावयाचे आणि ते सर्वांनी वाचावयाचे, हे प्लमर यांचे जुने तत्त्व या प्रकारे दंतविभागापर्यंत पोहोचले.

ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेले. तेथील असंख्य दवाखान्यांतील कागदी नोंदी नष्ट झाल्या. माजी सैनिकांचे रुग्णालयही बंद पडले. परंतु त्याच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी सुरक्षित राहिल्या आणि इतर शहरांत विखुरलेल्या रुग्णांवर उपचार करताना त्या उपलब्ध झाल्या. इलेक्ट्रॉनिक नोंदीचा उपयोग केवळ कार्यालयीन सोयीपुरता नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

एकत्र नोंदीची वैद्यकीय निकड

दंतनोंद मुख्य नोंदीशी जोडली गेली नाही, तर नेमके काय बिघडते, याचे उत्तर वैद्यकशास्त्रानेच दिले आहे. २००३ मध्ये अमेरिकेतील मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याचे हाड उघडे पडून मृत होण्याची ३६ उदाहरणे प्रसिद्ध केली. या रुग्णांना कर्करोगामुळे किंवा अन्य कारणाने बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे दिली गेली होती. पुढील वर्षी अशाच ६३ रुग्णांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यांपैकी अनेकांच्या बाबतीत दात काढल्यानंतर जखम भरली नव्हती. औषध कर्करोग विभागाने दिले, दात दंतविभागाने काढला आणि दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्यच वाटत होते. उणीव होती ती एका विभागाची माहिती दुसऱ्यापर्यंत वेळेवर पोहोचण्याची.

अशी इतर उदाहरणेही सर्वपरिचित आहेत. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाचा दात काढण्यापूर्वी रक्त गोठण्याची चाचणी पाहावी लागते. कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णाला काही दंतोपचारांपूर्वी प्रतिजैविक द्यावे लागते. मुखाच्या किंवा मानेच्या कर्करोगासाठी किरणोपचार सुरू करण्याआधी खराब दातांचा बंदोबस्त करावा लागतो, कारण किरणोपचार झालेल्या जबड्यात दात काढणे धोक्याचे असते. तंबाखूमुळे मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या समाजात या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. या प्रत्येक प्रसंगी दंतवैद्याला वैद्यकीय नोंद हवी असते आणि वैद्याला दंतनोंद.

दंतनोंदीचे आणखी एक मूल्य मृत्यूनंतर प्रत्ययास येते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये मृतांची ओळख पटविताना दंतनोंदींचा मोठा उपयोग झाला. परदेशी पर्यटकांच्या मायदेशांतून त्यांच्या दंतनोंदी मागविता आल्या. ज्या स्थानिक लोकांच्या अशा नोंदीच नव्हत्या, त्यांच्या बाबतीत या मार्गाचा लाभ फारसा होऊ शकला नाही. नोंद असणे आणि नसणे यांतील विषमता इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसली असेल.

अडचणींचे स्वरूप

असे असूनही एकत्रीकरण सोपे ठरले नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जुलै २०१५ मध्ये सुमारे ४.३ अब्ज डॉलरचे नव्या नोंदप्रणालीचे कंत्राट दिले. त्यातील वैद्यकीय भागासाठी सर्नर कंपनीची आणि दंतविभागासाठी हेन्री शाईन कंपनीची 'डेंट्रिक्स एंटरप्राइझ' अशा दोन वेगवेगळ्या प्रणाली एकत्र घ्याव्या लागल्या. त्यांची अंमलबजावणी २०१७ मध्ये सुरू होऊन मार्च २०२४ मध्ये पूर्ण झाली. एवढ्या साधनसंपन्न खात्यालाही दातांचा नकाशा सांभाळण्यासाठी निराळी प्रणाली घेऊन ती मुख्य प्रणालीला जोडावी लागली. १८४० मधील विभागणीचे पडसाद एकविसाव्या शतकातील संगणकीय कंत्राटातही उमटले, असे म्हणता येईल.

दुसरी अडचण निदानाच्या नोंदीची आहे. वैद्यकात रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणामुळे निदान लिहिण्याची सवय जुनी आहे. दंतवैद्यकात मात्र उपचार लिहिला जातो आणि निदान गृहीत धरले जाते. अमेरिकेत दंतोपचारांची प्रमाणित संकेतावली १९६९ मध्येच प्रसिद्ध झाली, कारण विम्याच्या देयकासाठी तिची गरज होती. दंतनिदानाच्या संकेतावलीचे काम त्यानंतर कितीतरी वर्षांनी सुरू झाले. 'दाढ काढली' एवढेच नोंदले आणि ती किडीमुळे काढली, हिरड्यांच्या रोगामुळे काढली की अपघातामुळे, हे नोंदले नाही, तर हजारो नोंदी गोळा होऊनही संशोधकाच्या हाती फारसे काही लागत नाही.

तिसरी अडचण दैनंदिन कामाची आहे. दंतवैद्याचे दोन्ही हात रुग्णाच्या तोंडात गुंतलेले असतात. हातमोजे घालून कळफलकाला स्पर्श केला, तर जंतुसंसर्गाचा धोका उद्भवतो. प्रत्येक वेळी हातमोजे बदलावयाचे, तर वेळ जातो. म्हणून मोजमापे सांगणारा एक आणि भरणारा दुसरा, अशी दोन माणसे लागतात. जेथे साहाय्यकाचे पदच रिक्त आहे, तेथे उत्तम प्रणालीही अपुरी ठरते.

भारतीय संदर्भ

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये त्यांत सुधारणा केली. २०१४ मध्ये भारत 'स्नोमेड सीटी' या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संज्ञावलीचा सदस्य झाला. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी प्रारंभ झाला आणि नागरिकाला १४ अंकी आरोग्य क्रमांक मिळण्याची सोय झाली. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. एक रुग्ण, एक क्रमांक या तत्त्वाची बाह्य चौकट अशा प्रकारे उपलब्ध झाली आहे.

या चौकटीत दंतविभागाची नोंद भरणे हे काम मात्र प्रत्येक संस्थेलाच करावे लागेल. आपल्याकडे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणात नऊ विषय आहेत. एखाद्या रुग्णाची तपासणी एका विभागात, रूट कॅनाल दुसऱ्या विभागात आणि कवळी तिसऱ्या विभागात होते. प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र रजिस्टर असेल, तर रुग्णाच्या हातातील केसपेपर हाच त्यांना जोडणारा एकमेव धागा उरतो. तो हरवला की इतिहास हरवतो. अशा ठिकाणी नऊ रजिस्टरांचे नऊ संगणकीय कार्यक्रम तयार केले, तर कपाटांची जागा यंत्रे घेतील. विखुरलेपणा तसाच राहील.

माजी सैनिकांच्या रुग्णालयांच्या अनुभवावरून येथे तीन गोष्टी विचारात घेण्याजोग्या आहेत. पहिली, दातांच्या क्रमांकनाची एकच पद्धती संस्थेत निश्चित असावी आणि ती प्रत्येक नोंदीत दिसावी. दुसरी, अहवालाचे आकडे उपचाराच्या नोंदीतूनच निघावेत. त्यासाठी वेगळे लेखन लादले जाऊ नये. तिसरी, प्रणालीच्या रचनेत प्रत्यक्ष खुर्चीशेजारी काम करणाऱ्यांचा सहभाग असावा. 'व्हिस्टा' टिकून राहिली, याचे एक महत्त्वाचे कारण ती वापरणाऱ्यांनीच घडविली होती, हे होय. तिच्या जागी बाजारातील तयार प्रणाली आणण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला. पहिल्या रुग्णालयात ती २०२० मध्ये सुरू झाली आणि वापरातील अडचणींमुळे एप्रिल २०२३ मध्ये पुढील अंमलबजावणी थांबवावी लागली. हा घटनाक्रमही तेच सुचवितो.

समारोप

दंतविभागातील इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या इतिहासात यंत्राचा वाटा दुय्यम आहे. झिगमाँडींची खूण, महासंघाचे दोन अंक, प्लमर यांची एक फाईल आणि आज्ञावलीकारांनी केलेली जोडणी या सर्वांमागे विखुरलेली माहिती रुग्णाभोवती एकत्र आणण्याचा एकच प्रयत्न दिसतो. जेथे हा हेतू स्पष्ट होता, तेथे संगणकाने साहाय्य केले. जेथे केवळ मोजदादीचा हेतू होता, तेथे त्याने काम वाढविले. दंत आणि वैद्यक या दोन शास्त्रांची विभागणी शिक्षणाच्या व प्रशासनाच्या सोयीसाठी झाली. ती रुग्णाच्या शरीरात नाही, आणि म्हणून त्याच्या नोंदीतही असण्याचे कारण नाही.